जुना खेळ आणि नवें यंत्र

एखादी वस्तु निरुपयोगी झाली असें आपण म्हणतों, तेव्हां ती वस्तु बिघडली कीं तिच्या भोंवतालचें जग बदललें, याचा विचार आपण क्वचितच करतों. पनवेलकरांस तरी हा भेद सहज कळावा. सन १८३० मध्यें बोरघाटाचा रस्ता झाला, तेव्हां पुण्याकडील माल पनवेलच्या बंदरीं उतरे व गलबतांनीं मुंबईस जाई. सन १८६३ मध्यें आगगाडी घाट चढली आणि ही वाहतूक बहुतांशीं कल्याणच्या वाटेस लागली. आगगाडीनें बंदराचा कोणताहि दोष दाखविला नव्हता. तिनें केवळ वाट बदलली.

संगणकावरील जे जुने खेळ 'चालत नाहींत' म्हणून आपण टाकून देतों, त्यांचीहि गत हीच. सन १९८९ चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. डॉस या प्रणालीसाठीं त्याची जी आवृत्ति निघाली, ती १६ बिटांची. आजची ६४ बिटांची विंडोज तिला उंबरठ्यावरच अडविते. कांहीं खेळांची गति त्या काळच्या मंद यंत्राच्या मापानें बेतलेली असते. ते आज इतके भरधाव धांवतात कीं, बोट कळीवर पडण्यापूर्वींच नायक मरतो.

यावर उपाय दोन : खेळ नव्यानें लिहिणें, किंवा नव्या यंत्रानें जुन्याचें सोंग घेणें. सन २००२ मध्यें निघालेला 'डॉसबॉक्स' हा विनामूल्य कार्यक्रम दुसरा मार्ग धरतो. तो समर्थ यंत्राच्या पोटांत एक जुनें, दुर्बळ यंत्र उभें करतो, जुन्या साउंड कार्डाचा आवाज काढतो आणि गति हवी तितकी आवरूं देतो. म्हणून खेळ अडला असतां त्यास दोष न देतां, तो कोणत्या प्रणालीसाठीं लिहिला होता हें प्रथम पाहावें.

आतां नीतीचा प्रश्न. जुन्यानें बदलावें कीं नव्यानें वांकावें? आमच्या मतें वांकण्याचें सामर्थ्य ज्याच्या अंगीं, कर्तव्यहि त्याचेंच. नव्यास मंद होणें साधतें. जुन्यास जलद होणें साधत नाहीं. नव्यानें लिहिलेला खेळ कदाचित् अधिक सुंदर असेल, पण तो दुसरा खेळ होय; त्यानें पहिल्याची आठवण राहते, पहिला राहत नाहीं. प्रत्येक नव्या प्रणालीनें मागील सर्व ओझें वाहावें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. तिनें दार लावावें. पण दुसरा कोणी खिडकी ठेवूं पाहील, तर त्यास आडकाठी करूं नये. स्वामित्वहक्क बाळगून जे खेळ विकीतहि नाहींत व जतनहि करूं देत नाहींत, त्यांस हें विशेषेंकरून सांगणें आहे.

वृद्धाच्या सोबतीनें चालणारा तरुण पाऊल आंखडतो. त्यास कोणी लंगडा म्हणत नाहीं.