लेकरू ही देवाची ठेव



तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. चिखल तुडविता तुडविता काका नामात रंगले आणि रांगत आलेले तान्हे पायाखाली गेले. पुढे पांडुरंगाने कृपा करून ते मूल परत दिले. ही कथा ऐकून कोणी म्हणतो, "पाहा महाराज, भक्ताने पोराबाळांची चिंता करूच नये." आम्ही नम्रपणे सांगतो, बाबांनो, कथेचा असा अर्थ नव्हे. शास्त्रात विधी निराळा आणि अर्थवाद निराळा. कथा देवाचे थोरपण सांगते. मुलाकडे दुर्लक्ष करा, अशी आज्ञा ती देत नाही. त्या माउलीचा आक्रोशही त्याच कथेत आहे, तो विसरू नये.

हे बोलण्याचे कारण गोवर. आमच्या कळव्यात पारसिकच्या डोंगरापर्यंत दाट वस्ती. एका खोलीत पाच-सहा माणसे, भिंतीला भिंत. पोराच्या अंगावर पुरळ दिसला की घरातील म्हातारी म्हणते, "आई आली आहे, औषध नको, सुई तर नकोच." २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ भडकली, भिवंडी, ठाणे, मालेगाव इकडेही ती पोहोचली आणि कित्येक लेकरे दगावली. लस न टोचलेली मुले त्यांत पुष्कळ होती.

गोवर म्हणजे नुसते पुरळ नव्हे. रोगी खोलीतून गेल्यावरही त्याचे विष दोन तासांपर्यंत हवेत राहते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो दुसऱ्यांना लागतो. त्यातून न्यूमोनिया होतो, हगवण लागते, डोळे जातात, मेंदूला सूज येते. बरे झालेले मूलही पुढे कित्येक महिने इतर रोगांना लवकर बळी पडते.

आता पूर्वपक्ष असा, की टोचले तर देवीचा कोप होईल. याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. हिंदुस्थानातील ती पहिली. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी उरला नाही आणि १९८० साली सारे जग त्या रोगातून सुटल्याचे जाहीर झाले. देवीचा कोप झाला काय? रोग गेला, जगदंबा गेली नाही. तिची देवळे आजही भरतात.

दुसरा पूर्वपक्ष, "आम्ही भार विठ्ठलावर टाकला आहे." फार चांगले. पण लेकरू विठ्ठलाचे म्हटले, तर आपण कोण? ठेव सांभाळणारे. सावकाराने विश्वासाने ठेविलेले सोने आपण उघड्या ओट्यावर टाकून झोपी गेलो, तर त्याला भक्ती म्हणावी की बेफिकिरी? प्रयत्न आपला, फळ त्याचे, हाच सिद्धांत.

म्हणून मायबापहो, नऊ महिने पुरे होताच गोवर-रुबेलाची पहिली लस आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी द्या. चुकली असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात देतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तिला पैसा पडत नाही. टोचल्यावर आठवड्याभराने हलका ताप किंवा बारीक पुरळ आला, तर घाबरू नका. आणि गोवर झालाच, तर उशाशी कडुनिंबाचा पाला खुशाल ठेवा, पण मूल डॉक्टरांना दाखवा. अ जीवनसत्त्वाचे डोस त्यांना विचारा. अंगावरचे दूध, पाणी, पेज तोडू नका. पोर धापा टाकू लागले किंवा निपचित पडले, तर क्षणभरही घरी थांबू नका. कळव्यात महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहेच.

आमची भजनी मंडळांना एवढीच विनंती. एकादशीला जमाल तेव्हा शेजारच्या बाळंतिणीला विचारा, "बाई, बाळाचे कार्ड दाखीव पाहू, कोणती लस राहिली?" हीसुद्धा माउलीची सेवाच आहे.

रामकृष्णहरि.