घर दोघांचं, रजिस्ट्री एकाची

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, म्हणजे सगळे म्हणतात त्या एमपी नगरात, बँका, कोचिंग क्लास आणि खासगी कंपन्यांची कार्यालयं दाटीवाटीनं उभी आहेत. इथं नोकरी करणारं, लग्नाविना एकत्र राहणारं एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा. पगार त्याचा मोठा, म्हणून फ्लॅटचं कर्ज आणि रजिस्ट्री त्याच्या नावावर. निम्मा हप्ता ती दरमहा त्याच्या खात्यात टाकते. वाणसामान, विजेचं बिल, मुलाची फी तिच्याकडे. दहा वर्षांनी दोघं वेगळी झाली, तर तिच्या हाती काय?

फार थोडं. 2016 मध्ये दुरुस्त झालेला बेनामी व्यवहारांचा कायदा पती, पत्नी किंवा मुलांच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी धरत नाही. लग्नाविना राहणाऱ्या जोडीदाराला ती सवलत नाही. ‘पैसे माझे होते’ म्हणत ती दिवाणी दावा लावायला गेली, तर हाच कायदा तिच्या आडवा घातला जाऊ शकतो. त्यानं समजुतीनं काही रक्कम भेट म्हणून दिली, तरी वर्षाला 50,000 रुपयांच्या वर तिला प्राप्तिकर लागतो, कारण करकायद्याच्या लेखी ती त्याची नातेवाईक नाही.

पोटगीत मात्र न्यायालयं बरीच पुढे आली आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं विवाहसदृश नात्यातल्या स्त्रीला संरक्षण दिलं. 2024 मध्ये बालाघाटच्या एका प्रकरणात मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं म्हटलं, की दोघं दीर्घकाळ नवराबायकोसारखी राहिली असतील, तर लग्न सिद्ध झालं नाही एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. रक्कम होती महिना 1,500 रुपये. तेवढ्याविरुद्ध तो माणूस उच्च न्यायालयापर्यंत गेला होता!

या लढाया इतक्या लांबतात आणि महागतात, त्याचं मोठं कारण मला लपवाछपवीत दिसतं. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात अंतरिम पोटगीचा प्रश्नच सात वर्षं रेंगाळला होता. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं. बँक खाती, घरं, वाहनं, विमा, शेअर, कर्ज, सगळं त्यात आलं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना, मेघालयासाठी आणखी एक. तरी 2023 मध्ये त्याच न्यायालयाला या निर्देशांची आठवण पुन्हा करून द्यावी लागली.

हे शपथपत्र पोटगीपुरतं आहे. फ्लॅटच्या दाव्यात तसलं काही नाही. तिथं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 खाली कागद मागवायचे, आणि मागवायला ते कुठं आहेत याचा अंदाज हवा. ज्या खात्याचं नावच तिनं ऐकलेलं नाही, त्याचा उतारा ती काय मागणार? प्रत्येक अर्जाला तारीख, प्रत्येक तारखेला वकिलाची फी. विवाहितेला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 खाली खटल्याचा खर्च मागता येतो, हिला नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हा खरा आधार आहे. पण बुजुर्ग वकिलांची फौज घेऊन आलेल्यापुढे तो किती पुरेल?

लग्न टाळणाऱ्यांना कायदा घरात नकोच असतो, असा एक आक्षेप असतो. तो मला वजनदार वाटतो. ऑस्ट्रेलियानं 2009 पासून बहुतेक राज्यांत अशा जोडप्यांची मालमत्ता विवाहितांसारखीच वाटायला सुरुवात केली; मी तेवढं मागत नाही. वाटणी आपोआप होऊ नये. पण दावा कोर्टात आला, की पहिल्याच तारखेला दोघांनी हिशेब टेबलावर ठेवावा, आणि ज्यानं लपवलं असं पुढे सिद्ध होईल, त्यानं समोरच्याचा पूर्ण खर्च भरावा. यानं कुणाचं स्वातंत्र्य जात नाही.

तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी रजिस्ट्रीत दोन्ही नावं आणि हिस्से लिहून घ्यावेत, हप्त्याचे पैसे रोखीनं देऊ नयेत, बँकेतून पाठवताना ‘गृहकर्ज हप्ता’ असा शेरा टाकावा. अशा दाव्यांसाठी शपथपत्राचा नवा नमुना करायला काही फार खटपट लागणार नाही. मेघालयातल्या कुटुंबांची घडी वेगळी म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र नमुना तयार करता आला. एकत्र राहून घर उभं करणाऱ्यांसाठी चौथा करणं न्यायालयांना आणि संसदेला तितकंच शक्य आहे.