कधी खरी, कधी खोटी

नेहमी खोटे बोलणारा माणूस मला परवडतो. नैतिक प्रश्नावर लिहायला बसलेल्या माणसाने असे म्हणू नये, पण त्याच्याशी व्यवहार फार सोपा असतो. तो "संध्याकाळी नक्की येतो" म्हणाला, की आपण खुशाल सिनेमाला जावे. घात करतो तो कधी खरे, कधी खोटे बोलणारा.

हे तत्त्वज्ञान मला आमच्या गल्लीतल्या अप्पांच्या रायफलीने शिकवले. गोष्ट १९७२ च्या आधीची, म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा यायचा होता आणि संभाजीनगर औरंगाबाद होते तेव्हाची. अप्पांकडे इशापूरच्या कारखान्यातली .३१५ होती. रविवारी ते कन्नडच्या बाजूला गौताळ्याच्या जंगलात जात. (तेच जंगल १९८६ साली अभयारण्य झाले.) ही रायफल एका रविवारी शंभर पावलांवरचे मडके फोडी आणि पुढच्या रविवारी त्याच मडक्याला अभय देऊन शेजारच्या बाभळीवर राग काढी.

"कायम डावीकडे गेली असती तर माशी जरा सरकवली असती, संपलं!" अप्पा म्हणत. "पण ही बया एकदा डावीकडे, एकदा वर!"

काकूंच्या मते दृष्ट लागली होती. शेजारचे मास्तर काडतुसांना दोष देत. शेवटी अप्पा शहागंजातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. त्याने रायफल हातात घेण्याआधीच सांगितले, "साब, पैले किसी और के हात में दे के देखो."

अप्पांना हे औषध कडू लागले. मग म्हाताऱ्याने बाकीची यादी सांगितली. नळी आणि दस्ता जोडणारे स्क्रू ढिले असतील. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीला रेटत असेल. नळीत तांब्याचा थर बसला असेल. तेल लावलेल्या थंड नळीतली पहिली गोळी वेगळी जाते, तापलेल्या नळीतली आणखी वेगळी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर रोग कुठला होता हे बरे झाल्यावरही कळायचे नाही. अप्पांनी यादी घेतली, पहिले कलम गाळून.

आपली भाषाही अप्पांच्याच बाजूची. हरीण पडले की "मी मारलं", न पडले की "नेम चुकला". चुकणारा तो नेम. आपण फक्त तिथे हजर होतो. चातुर्मासात आजी पाळायची तोही नेमच. रोज तेच, त्याच वेळी, न चुकता. एका शब्दात दोन्ही अर्थ कोंबणाऱ्या पूर्वजांना बंदूक कळत होती की माणूस, कोण जाणे.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. फक्त मडक्याच्या जागी जनावर नको. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसे होती. तिचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, म्हणून तिला नेहमीची शिकार जमेना, असे कॉर्बेटने लिहून ठेवले आहे. ती गोळी झाडणारा कोण होता? मला वाटते, घरी जाऊन त्याने चहा पिता पिता सांगितले असेल, "रायफल हल्ली जरा बिघडलीय." ती ४३६ माणसे कुणाच्या खात्यावर मांडायची? स्क्रूच्या? बिघाड ठाऊक नसेल तर त्याला सोडून देऊ. पण रायफल बेभरवशाची आहे हे माहीत असून ज्याने चाप ओढला, त्याला "नेम चुकला" म्हणायची सोय मी तरी देणार नाही.

अप्पांनी स्क्रू आवळले, लाकूड तासून घेतले. मग टेकडीच्या पोटाशी, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून म्हाताऱ्याच्या पुतण्याने पाच गोळ्या झाडल्या. पाचही बशीएवढ्या जागेत! मग अप्पा बसले. चाप ओढायच्या आधी त्यांचे दोन्ही डोळे मिटत होते, हे सगळ्यांनी पाहिले. गोळ्या चार दिशांना गेल्या.

अप्पा उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, "पोराच्या हाताची सवय लागली हो तिला!"

पुढे कायदा आला. शिकार का सोडली असे कुणी विचारले, की अप्पा सुस्कारा टाकून म्हणत, "सरकारनं बंद केली. नाहीतर रायफल आत्ता कुठं सुधारली होती."