पाटीवालीचा मालक कोण?

पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ ह्या परिपत्रकात कामगाराला न्याय्य वेतन मिळावे असा आग्रह धरला. कारखान्यातल्या कामगाराला मालक असतो. भविष्यनिर्वाह निधीत तोही आपला वाटा भरतो. परंतु चर्चच्या फाटकापाशी भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बहिणीचा वाटा कोणी भरायचा?

२०१९ साली सुरू झालेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना ह्या प्रश्नाला अर्धेमुर्धे उत्तर देते. महिना १५,००० रुपयांपर्यंत कमाई असलेल्या १८ ते ४० वयाच्या व्यक्तीने नाव नोंदवायचे. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे. तेवढेच सरकार भरते. साठीनंतर महिना ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. आधारकार्ड व बँकेचे पासबुक घेऊन सामायिक सेवा केंद्रात जावे. कोणी ओशाळू नये. हे दान नव्हे, मालकाचा वाटा सरकारने उचलला आहे इतकेच.

मात्र चाळिशी उलटली की दार बंद! आणि आपल्या पाटीवाल्या बहिणींपैकी कितीतरी जणी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांची कमाई ठरवतो तरी कोण? मिस्सा सुटल्यावर जुडीमागे दोन रुपये कमी करून घेणारे आपणच.