मी ठणठणीत आहे!

विमान उडवायला विमानाची माहिती लागते, असा माझा बी. कॉम. समज होता. आमच्या भाच्यानं तो दूर केला. खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी त्याचा अभ्यास चालू आहे आणि संध्याकाळी पुस्तक धरून प्रश्न विचारायचं काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. आयुष्यभर काउंटरमागे बसून लोकांचे प्रश्न ऐकलेल्या माणसाला हे सुख काही लहान नव्हे!

परवा धडा निघाला तो विमानाचा नव्हे, वैमानिकाच्या शरीराचा. १८,००० फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो. प्राणवायूचं प्रमाण तिथंही २१ टक्केच. म्हणजे व्याजाचा दर तोच, मुद्दल मात्र अर्धं! इथवर मला समजलं. पुढचं वाक्य वाचून मात्र मी चष्मा पुसला. प्राणवायू कमी पडला की जीव गुदमरेलच असं नाही. उलट पुष्कळांना फार छान वाटतं. बेरीज चुकते, हात अडखळतात आणि स्वारी आपली खुशीत! २५,००० फुटांवर तर धड काही करायला जेमतेम तीन ते पाच मिनिटं मिळतात. ज्या मेंदूनं चूक पकडायची, तोच आधी रजेवर गेलेला!

बँकेत लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. कारकून साक्षात हरिश्चंद्र असला तरी साहेबाची सही लागतेच. हा मला कित्येक वर्षं अपमान वाटे. मग एकदा अंगात ताप असताना 'मला काही झालेलं नाही' म्हणत मी कॅशवर बसलो आणि एका गृहस्थांना पाच हजार जास्त दिले. ते देवमाणूस परत घेऊन आले म्हणून पगार वाचला. पण आजही आठवतं ते वेगळंच. त्या दिवशी आपण नोटा फारच झकास मोजतोय, असं मला वाटत होतं.

आता सांगा, वजन करायचं ज्याचं, तोच तराजू असेल तर प्रामाणिक माणसानं करावं काय? खोटं न बोलणं पुरत नाही. तापात मी खोटं कुठं बोललो होतो? मला खरंच बरं वाटत होतं! वैमानिकांचं उत्तर असं, की नियम जमिनीवर, शुद्धीत असताना करावेत आणि वर गेल्यावर त्यांच्याशी हुज्जत घालू नये. आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य. मग 'मला चढत नाही' म्हणणारा कितीही पट्टीचा असो. ढगात शिरल्यावर कान म्हणतो 'सरळ चाललोय' आणि काटा म्हणतो 'कललोय', तर काट्याचं ऐकावं.

एवढ्यात भाचा शिंकला.

"सर्दी झालीय की काय रे?"

"किरकोळ आहे, मामा. उद्या सकाळी उड्डाण आहे. मी ठणठणीत आहे."

मी न बोलता पान त्याच्यापुढं धरलं. सर्दीनं कानाची आतली नळी बंद होते. विमान उतरताना कान असह्य दुखतो, पडदाही फाटू शकतो. त्यानं पान वाचलं, उठला आणि फोन करून उद्याचं उड्डाण रद्द केलं.

मी विजयी मुद्रेनं मागं रेललो, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "आणि जिना चढताना कठड्याला धरून कोण उभं राहतं हो? महिनाभर सांगतेय, रक्तदाब तपासून घ्या!"

"अगं, मी ठणठणीत..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. भाच्यानं पुस्तक मिटून माझ्याकडं नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या उड्डाणाच्या वेळी आम्ही दोघंही डॉक्टरांच्या बाकावर शेजारीशेजारी बसलो होतो. जमिनीवर. शुद्धीत.