उंबरठ्यावरचे पाणी

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या आवारातला रस्ता गेल्या उन्हाळ्यात नवा झाला. जुना थर खोदून मग नवा घालायचा, तर खर्च बराच होता. जुन्यावरच नवा चढवायचा, तर पुष्कळ कमी. सर्वसाधारण सभेने अर्थातच स्वस्त दरपत्रक एकमताने पसंत केले. तळमजल्यावरच्या आजींनीही हात वर केला होता. चिटणीस या नात्याने इतिवृत्तात ती नोंद मीच केली.

पहिल्याच मोठ्या पावसात स्वस्ताईचा अर्थ कळला. रस्ता सहा इंच उंच झाला होता. पाणी गटाराकडे जायचे सोडून आजींचा उंबरठा ओलांडून आत शिरले. कपाट फुगले, पलंगाखालची ट्रंक भिजली, भिंतीला वीतभर ओल चढली. आजींनी भरपाईचा अर्ज दिला आणि समितीच्या सांगण्यावरून मी उत्तर लिहिले : 'काम सभेच्या ठरावानुसार झाले असल्याने सदर नुकसानीस संस्था जबाबदार नाही.' पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!

आजी ते पत्र घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "मास्तर, मी हात वर केला तो रस्त्यासाठी, पाण्यासाठी नव्हे."

मी निरुत्तर झालो. शाळेत चेंडूने काच फुटली, की मी वर्गणी साऱ्या खेळाडूंकडून काढतो. चेंडू एकाने मारलेला असतो, पण खेळ सगळ्यांचा असतो. ती वर्गणी म्हणजे दंड नव्हे, खेळाची किंमत. मग मुलांना शिकवलेला हा धडा संस्थेच्या कचेरीत मी कसा विसरलो? 'चूक कोणाची?' आणि 'भार कोणाचा?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याला उत्तर सापडत नाही, म्हणून दुसराही आपण सोडून देतो. आणि भार मात्र जिथे पडला तिथेच राहतो.

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "संस्थेचा पैसा आपल्या घरचा नाही. दुसऱ्याच्या पैशाने दया दाखवण्यात कसला मोठेपणा?" बोलणे खरे होते. पण ही दया होती का? खोदाई वाचली, म्हणून प्रत्येक घराचे काही रुपये वाचले. ती बचत खरोखर कुठून आली? आजींच्या कपाटातून आणि भिंतीतून! घेतलेले परत करणे याला दया म्हणत नाहीत; देणे फेडणे म्हणतात.

कायद्याचा मार्ग होताच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम ९१ अन्वये असा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. उपविधीप्रमाणे आवारातला रस्ता संस्थेने सांभाळायचा, घराच्या आतली दुरुस्ती सभासदाने करायची. पण पाणी आले होते नेमके या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावरून! तिथे कलमापेक्षा शेजारधर्म लवकर पोचतो. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली, ती एकट्याला न झेपणारे सर्वांनी मिळून पेलावे म्हणून. सहकार नफ्यापुरताच असेल, तर त्याला भागीदारीतला दुकानदार पुरेसा आहे.

मी विशेष सभा बोलावली आणि माझेच पत्र वाचून दाखवले. मग आम्ही चौघे आजींच्या घरी जाऊन नुकसानीची यादी करू लागलो. मी कपाट लिहून घेतले, तोच आजी म्हणाल्या, "मागची फळी धरू नका हो. तिला वाळवी आधीपासूनच होती."

त्या एका वाक्याने जे झाले, ते माझ्या युक्तिवादाने झाले नव्हते. दोघा-तिघांनी विरोध केला, तरी भरपाईचा ठराव झाला. दारापुढचा थर खरवडून उतार काढला, जाळीची मोरी बसवली. पुढच्या पावसात पाणी वळेल अशी आशा आहे. वळले नाही, तर पुन्हा सभा घ्यावी लागेल.

काल आजी त्या उंबरठ्यावर रांगोळी काढत होत्या. मला पाहून त्यांनी फराळाला बोलावले. कचेरीतल्या फायलीत ते बिनचूक पत्र अजून आहे. फाडावेसे पुष्कळदा वाटले. पण पुढच्या चिटणीसाला ते वाचायला मिळावे, म्हणून ठेवले आहे.