बाहुलीतील पोकळी: प्रतिकृती, संग्रह आणि धारणेचा प्रश्न

बाहुलीनाट्यातील पात्रांच्या प्रतिकृती आणि कापूस भरलेली मऊ खेळणी जमवणे हा निव्वळ छंद आहे, त्यात तात्त्विक असे काही नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जो मनुष्य नाटकातल्या बाहुलीची हुबेहूब प्रतिकृती काचेच्या कपाटात ठेवतो, तो नेमके काय जतन करतो, असा प्रश्न विचारला की अनुकृती, मूळत्व आणि वस्तूविषयीचे नैतिक दायित्व हे सौंदर्यशास्त्रातले जुने वाद एकदम समोर उभे राहतात. या प्रश्नाची कसोटी बाहुलीच्या रूपात शोधण्याऐवजी तिच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरते.

हातबाहुली आतून पोकळ असते. कळसूत्री बाहुलीचे सांधे मुद्दाम ढिले ठेवलेले असतात. शब्दभ्रमकाराच्या बाहुलीला जबडा असतो, पण कंठ नसतो. म्हणजे बाहुली ही मुळातच अपुरी केलेली वस्तू आहे, आणि हे अपुरेपण म्हणजे दुसऱ्याचा हात, दुसऱ्याचा श्वास यांच्यासाठी राखलेली जागा होय. जिम हेन्सनने 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून केर्मिट तयार केला. डोळे पिंगपाँगच्या चेंडूच्या अर्ध्या भागांचे. त्या वस्तूचा सारा अर्थ कापडाच्या आतल्या रिकाम्या जागेत होता. पुढे या बाहुल्यांची छायाचित्रे काढण्यासाठी वेगळ्या बाहुल्या बनवल्या जाऊ लागल्या. त्यांत हाताच्या जागी तार आणि भरण असे, जेणेकरून त्या कोणी न धरता एकाच मुद्रेत स्थिर राहाव्यात. संग्राहकांसाठी बाजारात आलेल्या महागड्या प्रतिकृतींनी हाच नमुना पत्करला. जेथे हात जायचा तेथे तार गेली. सॉफ्ट टॉयमध्ये तर तेवढाही आडपडदा नाही. तेथे पोकळी कृत्रिम कापसाने ठासून भरलेली असते.

अनुकृतीच्या या प्रश्नाला भारतीय काव्यशास्त्रात एक नेमका दृष्टान्त उपलब्ध आहे. श्रीशंकुकाच्या मते नटाच्या ठिकाणी होणारी रामाची प्रतीती सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारांहून वेगळी, चित्रातल्या घोड्याच्या प्रतीतीसारखी असते. अभिनवगुप्ताने आपला गुरू भट्टतौत याचा जो आक्षेप नोंदवला आहे तो या संदर्भात अधिक उपयोगी आहे: अनुकरण म्हणायचे तर अनुकार्य आधी पाहिलेले असावे लागते, आणि राम तर कोणीच पाहिलेला नाही. शिवाय अनुकरण व्हायचे ते चित्तवृत्तीचे. नटाचा मुकुट, वेष, हातवारे ही काही चित्तवृत्ती नव्हे. बाहुलीच्या प्रतिकृतीला हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. तिच्यात लाकूड, रंग, शिवण यांची नक्कल असते. पात्राची नक्कल तिच्यात नसते, कारण पात्र त्या लाकडात कधी नव्हतेच.

मराठीत याचा पडताळा अर्धवटरावांच्या उदाहरणावरून घेता येतो. यशवंत केशव पाध्ये यांनी ही बोलकी बाहुली रंगमंचावर आणली आणि त्यांच्यानंतर रामदास पाध्ये यांनी तिला बोलते ठेवले. वाणी बदलली, हात बदलला, पण अर्धवटराव तेच राहिले. म्हणून पात्र केवळ हातात वा आवाजात असते असेही म्हणता येत नाही. ते वस्तू आणि धारक यांच्यामधल्या जागेत असते आणि वारसाहक्काने जाते ती ही जागाच. (नावही किती समर्पक! पूर्ण होण्यासाठी जो दुसऱ्याची वाट पाहतो तो अर्धवट.) 1993 च्या ‘झपाटलेला’ या महेश कोठारे यांच्या चित्रपटात हेच तत्त्व भयकथेच्या भाषेत येते. मरणारा गुंड मंत्राच्या बळावर बाहुलीत शिरतो, आणि ती बाहुली शब्दभ्रमकाराच्या हाती येते. तात्या विंचू भयंकर वाटतो तो त्याच्या चेहऱ्यामुळे तितकासा नाही. रिकामी राखलेली जागा कोणी तरी अनाहूतपणे बळकावली आहे, ही जाणीव भय उत्पन्न करते. कापूस भरलेल्या तात्या विंचूला कोणी भिणार नाही.

मग संग्राहक दोषी ठरतो काय? बोद्रियारने 1968 च्या आपल्या ग्रंथात संग्रहाची मीमांसा करताना दाखवले की वस्तू उपयोगातून काढून घेतली की ती फक्त मालकाच्या संदर्भात अर्थ धारण करते. संग्राहक अखेर स्वतःलाच जमवत असतो. हे निरीक्षण मार्मिक आहे, पण ते सरसकट लावणे अन्यायाचे होईल. पुण्यात दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये अशा हजारो नित्योपयोगी वस्तू जमवल्या आणि त्या संग्रहालयाला सातव्या वर्षी दगावलेल्या राजा या मुलाचे नाव दिले. तेथे संग्रह मालकाभोवती फिरत नाही. तो एका अनुपस्थित व्यक्तीभोवती रचला गेला आहे. पोकळी तेथे बुजवलेली नसून तिच्याभोवती घर बांधलेले आहे. संग्रहाला नैतिक बाजू असलीच तर ती या भेदात शोधावी लागेल.

मऊ खेळण्यांच्या बाबतीत हा भेद अनपेक्षित वळण घेतो. विनिकॉटने 1951 मध्ये मांडलेल्या संक्रमण-वस्तूच्या सिद्धान्तानुसार मूल ज्या चिंधीला वा अस्वलाला बिलगते, ती वस्तू त्याला सापडली की त्याने निर्मिली, हा प्रश्न मोठ्यांनी विचारायचा नसतो. ती मळते, फाटते, तिचा वास बदलू दिला जात नाही. आणि पुढे ती विसरली जात नाही की तिचा शोकही होत नाही, ती हळूहळू अर्थहीन होत जाते. म्हणजे आत कापूस ठासलेला असूनही मुलाच्या मिठीतल्या अस्वलात जागा असते. तेच अस्वल वेष्टण न उघडता, चिठ्ठी न तोडता कपाटात गेले की ती जागा संपते. बोदलेरने 1853 मध्ये खेळण्यांवरील निबंधात खेळण्याचा आत्मा कोठे आहे हे पाहण्यासाठी ते फोडणाऱ्या मुलाविषयी लिहिले आहे. त्या मुलाची निदान जिज्ञासा तरी खरी असते. वेष्टणबंद संग्रहात हा प्रश्नच उद्भवू नये अशी व्यवस्था केलेली असते.

वस्तूने झिजावे, हेच तिचे पूर्णत्व मानणारी दृष्टी शोधायला फार दूर जावे लागत नाही. सातपुड्याच्या पश्चिमेकडील पायथ्यापासून दक्षिण गुजरातेत व छोटा उदेपूरकडे आदिवासी देवस्थानांवर नवसाचे मातीचे घोडे वाहिले जातात. हकू शाह यांनी त्यांचा साक्षेपी अभ्यास केला आहे. हे घोडे आतून पोकळ असतात. त्यांच्यासोबत घुमटाकार मृण्मय घरे वाहतात, त्यांना द्वार ठेवलेले असते, आत येणाऱ्यासाठी. एकदा वाहिलेला घोडा कोणी डागडुजी करून टिकवत नाही. तो पावसात फुटतो, शेजारी नवा येतो. चित्रतुरगाच्या वादात न बसणारा हा घोडा आहे: त्याला घोड्यासारखे दिसण्याची फारशी चिंता नाही आणि टिकण्याची तर मुळीच नाही.

याच सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, काठी हे गाव आहे. एकेकाळच्या भिल्ल मेवासी संस्थानाची ही गादी. येथील राजवाडी होळी सर्वदूर प्रसिद्ध आहे. नवस बोललेले पुरुष त्या काळात व्रतस्थ राहतात, पायांत काही घालत नाहीत, खाटेवर निजत नाहीत. मग अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप आणि कमरेला सुकवलेले पोकळ भोपळे व घुंगरू बांधून ते बुध्या होतात, रात्रभर नाचतात, आणि पहाटे होळी पेटते. येथे माणूस बाहुलीत हात घालत नाही. स्वतःच वस्तूच्या आत जातो. भोपळ्याची पोकळी नाद देते, आणि व्रताने रिता केलेला देह त्या वेषाला चालवतो. वेष कोणाचा आहे, या प्रश्नाला मालकीच्या भाषेत उत्तर देता येत नाही. तो नवसाचा आहे.

अशा वेषाची प्रतिकृती भेटवस्तू म्हणून करता येईल, बाहुलीला नेसवता येईल, कपाटात मांडता येईल. त्यात पाप आहे असे म्हणणे अतिरेकी ठरेल. उलट कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत ठाकर समाजाच्या चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या मांडल्या नसत्या, तर पुष्कळ काही काळाच्या पोटात गेले असते; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली ती या कार्यासाठीच. परंतु पिंगुळीचे वैशिष्ट्य असे की मांडलेली बाहुली खुंटीवरून काढून नाचवणारे हात त्याच घरात आहेत. आंध्र-कर्नाटकाकडे चामड्याची बाहुली जीर्ण झाली की तिला नदीत सोडण्याची रीत अभ्यासकांनी नोंदवली आहे. तिला निरोप द्यावा लागतो, कारण ती नुसती वस्तू राहिलेली नसते. प्रतिकृतीला निरोप देण्याची वेळच येत नाही.

वस्तुसंग्रहालयाच्या नोंदपत्रात बुध्याचा टोप आला तर तेथे सामान्यतः मोरपीस, बांबू, दोरा, उंची आणि प्राप्तीचे वर्ष लिहिले जाईल. टोप घालणाऱ्याने नवस कशासाठी बोलला होता आणि तो किती दिवस जमिनीवर निजला, यासाठी त्या पत्रात रकाना नसतो.